जिल्ह्यांच्या यादीत आम्ही नाही: मराठी डिजिटल ग्रंथसंग्रहवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी ग्रंथ, कोश आणि जुनी नियतकालिकं इंटरनेटवर आणणाऱ्या संस्थांचे संचालक,
तसेच त्यांच्यासाठी ॲप बनवणारे तंत्रज्ञ, यांस

सप्रेम नमस्कार.

हिवाळ्यात आमच्याकडे कडोली, उचगाव, येळ्ळूर, कारदगा अशी गावोगावची साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडी, लेझीम, मग भाषणं. हल्ली भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं, "आता सगळी मराठी पुस्तकं तुमच्या खिशात आली आहेत." ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तर हे वाक्य खास टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं दिसतं. मीही टाळ्या वाजवल्या आहेत. गेल्या श्रावणात मात्र ठरवलं, खिशातलं पुस्तक बाहेर निघतं का ते एकदा बघूच.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका गावात वाचनालय सांभाळतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. त्याच्यापुढे आमचं म्हणजे कालचं पोर. पत्र्याची खोली, चार कपाटं, दोन बाकं आणि एका देणगीदाराने दिलेला टॅब. एका रविवारी सकाळी पाच वाचकांना बोलावलं आणि सगळ्यांना एकच काम सांगितलं. तुम्हाला हवं ते एक पुस्तक शोधा, उघडा, विसाव्या पानापर्यंत जा, बंद करा, आणि परत उघडून त्याच पानावर या. मी मदत करणार नाही, शेजारी बसून लिहून घेणार. तीन ॲपं आणि दोन संकेतस्थळं निवडली होती. त्यांची नावं इथं लिहीत नाही. मला कुणाशी भांडायचं नाही, आणि हे दोष काही एकट्यादुकट्याचे नाहीत.

पद्धत माझ्या डोक्यातली नव्हे. वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी फार पूर्वीच सांगून ठेवलंय की पाच माणसांना खरोखर वापरायला बसवलं तरी बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात. पाच माणसं तर आमच्याकडे रोज नुसता पेपर वाचायला येतात.

पहिले बसले मास्तर. प्राथमिक शाळेतून निवृत्त, पंचाहत्तरी उलटलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. ॲपने नाव विचारलं, मोबाइल नंबर विचारला, मग ओटीपी. आमच्या खोलीत रेंज फक्त दाराजवळच्या खिडकीत येते. मास्तर फोन घेऊन खिडकीशी गेले, ओटीपी आला, चष्मा बदलून परत टॅबपाशी येऊन आकडे टाकेस्तोवर तीस सेकंदं संपली. तिसऱ्या खेपेला मीच माझा नियम मोडला आणि खिडकीतून आकडे ओरडून सांगितले. मग आलं, "जिल्हा निवडा". अकोल्यापासून हिंगोलीपर्यंत छत्तीस जिल्हे. बेळगाव नाही. 'इतर' नाही. आणि जिल्हा निवडल्याशिवाय 'पुढे' हे बटण काही उजळत नाही.

मास्तरांचा जन्म मुंबई राज्यातला. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले, १९७३ ला त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं. एवढ्या काळात त्यांनी घर बदललेलं नाही; कौलं उतरवून पत्रे घातले, इतकंच. यादी वरखाली करून ते म्हणाले, "कोल्हापूर दाब की. तेवढंच जवळ." कोल्हापूर दाबलं. पुढच्या चौकटीत पिनकोड होता. आमचा ५९१ ने सुरू होतो, कोल्हापूरचा ४१६ ने. लाल अक्षरात उत्तर आलं, पिनकोड जिल्ह्याशी जुळत नाही.

खोलीत हशा पिकला. "सुप्रीम कोर्टात २००४ पासनं सीमाप्रश्नाचा दावा पडलाय," मास्तर म्हणाले, "ह्या ॲपनं तर एका मिनटात निकाल दिला की."

अनुदानाच्या अहवालात जिल्हावार वाचकसंख्या दाखवावी लागत असेल, हे मी समजू शकतो. आम्हीही सरकारी तक्ते भरतो. पण 'महाराष्ट्राबाहेर' अशी एक ओळ त्या यादीत घालायला काय लागतं? इंदूर, बडोदा, हैदराबाद, पणजी, सगळ्यांचीच सोय होईल. आणि मुळात पुस्तक वाचायला जिल्हा कशाला लागतो? शिकागो विद्यापीठाने मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश कित्येक वर्षांपासून इंटरनेटवर ठेवलेत. तिथं शब्द टाकायचा, अर्थ वाचायचा, उठायचं. खानापूरच्या माणसाला मराठी शब्दाचा अर्थ शिकागोत बिनओळखीचा मिळतो आणि मराठी मुलखातल्या ॲपमध्ये पिनकोडावर अडतो, हे बरं दिसत नाही.

सर्वात जास्त वेळ मी ज्याच्या शेजारी बसलो तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्याला जन्मापासून दिसत नाही. रोज सकाळच्या बसने बेळगावला जातो आणि फोन आमच्या सगळ्यांपेक्षा झपाट्याने वापरतो. पडद्यावर जे असेल ते बोलून दाखवणारी टॉकबॅक नावाची सोय अँड्रॉइड फोनमध्ये असते. तिचा वेग त्याने इतका ठेवलेला असतो की आपल्याला ती नुसती चिरचिर वाटते. त्या दिवशी माझ्यासाठी त्याने वेग कमी केला. बोट सरकत गेलं तसा फोन बोलत गेला, "लेबल नसलेलं बटण. लेबल नसलेलं बटण. चित्र. लेबल नसलेलं बटण." तुमच्या पडद्यावर तिथं भिंग, घर, बदाम आणि तीन आडव्या रेघा आहेत. भिंगाच्या पाठीमागे 'शोधा' हा शब्द लिहून ठेवणं हे तुमच्या माणसाचं फार तर एका दुपारचं काम. ते राहिल्यामुळे ह्याला एकेक दार ढकलून बघावं लागलं. तिसरं दार 'बाहेर पडा' निघालं. पुन्हा ओटीपी, पुन्हा खिडकी.

शेवटी पुस्तक उघडलं. फोन म्हणाला, "प्रतिमा." पान उलटलं. "प्रतिमा."

"हे पुस्तक न्हवं सर," तो म्हणाला, "पुस्तकाचे फोटो हाईत."

हा मुद्दा बाकी सगळ्यांचा बाप आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. पुस्तक स्कॅन करून पीडीएफ चढवली की तुमच्या दप्तरी 'डिजिटायझेशन पूर्ण' अशी नोंद होते. जुना ग्रंथ वाळवीच्या तोंडातून वाचला, हे खरंच, आणि त्यासाठी तुमचे उपकार मानतो. पण त्या फाइलमध्ये अक्षर नाही, अक्षराचं चित्र आहे. चित्र बोलत नाही. त्यात शब्द शोधता येत नाही. मोठं केलं की ओळ पडद्याच्या बाहेर जाते आणि मास्तरांना प्रत्येक ओळीसाठी पान डावीउजवीकडे ओढावं लागतं, शेतात पाणी फिरवल्यासारखं. आणि चित्र जड असतं. बचत गटाच्या काकूंनी निवडलेलं पुस्तक १४० एमबीचं होतं, हे त्यांना उतरवायला लावल्यावर कळलं. आधी आकडा कुठं लिहिलेलाच नव्हता. दिवसाला दीड जीबीच्या पॅकवर पोराचं कॉलेज, नवऱ्याच्या बातम्या आणि काकूंचं पुस्तक असं सगळं भागवायचं असतं. पाऊस वाढला, रेंज गेली, फाइल निम्म्यावर तुटली. पुन्हा लावली तर पहिल्यापासून सुरू. काकूंनी टॅब माझ्यापुढे सरकवला आणि कपाटातलं एक कथासंग्रहाचं बांधीव पुस्तक घेऊन बसल्या. ह्याच पुस्तकाचा नुसता मजकूर असता, तर तो एक-दोन एमबीत मावला असता.

मजकूर आहे असं सांगणाऱ्या ठिकाणीही सगळं आलबेल नसतं. एका संकेतस्थळावर जुन्या काळी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच ठेवलाय. डोळ्याला तो मराठी दिसतो. आतमध्ये मात्र रोमन अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा असतो, आणि फोन तोच खिचडा इमानदारीने वाचतो. दुसऱ्या ठिकाणी स्कॅनवरून यंत्राने मजकूर काढलाय, पण कुणी नजरेखालून घातलेला नाही. मधूनच, वाक्य चालू असताना, फोन पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा वाचतो आणि मग उरलेलं वाक्य पुरं करतो. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्द तुटलेलेच राहतात.

आणि पानाची भाषा 'हिंदी' अशी नोंदवून ठेवली असेल तर मग काय विचारता. देवनागरी दिसली की हिंदी, असं कुणी तरी गृहीत धरलेलं असतं. 'आईनं सांगितलं' हे वाक्य फोनने 'आईनम् सांगितलम्' असं वाचलं. मास्तर म्हणाले, "संस्कृतचा तास सुरू झाला." 'चमचा' मधला आपला च त्या आवाजाला ठाऊकच नाही. इतका सगळा गोंधळ एका छोट्या खुणेवरून. पानाच्या कोडमध्ये भाषेच्या जागी हिंदीचं अक्षरचिन्ह काढून मराठीचं घालायचं. ती खूण बरोबर असली आणि फॉन्ट नीट असला, तर ल आणि श सुद्धा मराठी वळणाचे दिसतात. हे माझं ज्ञान नव्हे, त्या मुलाचं आहे. त्याने हे तुम्हाला कळवायचाही प्रयत्न केला. तुमच्या तक्रार-अर्जाच्या शेवटी वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांचं चित्र होतं आणि खाली 'वरील अक्षरे टाका' असं. न दिसणाऱ्या माणसाची 'दिसत नाही' ही तक्रार तिथं अडली. म्हणून हे पत्र मी लिहितोय.

आता शोध. हा भाग तंत्रज्ञ मंडळींनी सावकाश वाचावा. आमच्या गावाशहरांची नावं तीन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. बेळगाव, बेळगांव, बेळगावी. चिकोडी, चिक्कोडी. निपाणी, निप्पाणी. येळूर, येळ्ळूर. एक टाकलं तर दुसरं सापडत नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेल्या पुस्तकांत 'कांहीं', 'नांव', 'त्यांत' असे अनुस्वार असतात. आजचा वाचक 'काही' टाकणार आणि तुमचं यंत्र 'नोंद आढळली नाही' म्हणणार. नोंद असते, अनुस्वार आडवा येतो.

याहून छुपं दुखणं वेगळंच आहे. 'दऱ्या' या शब्दातला रफारासारखा आडवा र संगणकात दोन रीतींनी साठवता येतो. डोळ्याला फरक नाही, यंत्राला आहे. 'ॲप' मधला ॲ सुद्धा तसाच. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना संगणकात ठरावीक जागा देणाऱ्या यादीत, त्याला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन काम भागवत आणि अजूनही पुष्कळ कीबोर्ड तेच करतात. शोधताना या जोड्या एकच धरायच्या, अनुस्वार सैल सोडायचा, गावांच्या पर्यायी नावांची एक यादी जोडायची. यादी हवी असेल तर मी करून देतो, फुकट.

नववीतली मुलगी कन्नड माध्यमात शिकते, घरी मराठी बोलते. आमच्या भागात अशी पोरं दरवर्षी वाढताहेत. तिने रोमन अक्षरांत 'विज्ञान' टाइप केलं, 'ज्ञ'साठी आधी डी-एनने, मग जी-वायने. दोन्ही वेळा काही आलं नाही. ती कंटाळून व्हिडिओ बघायला गेली. तिच्या वाट्याला तीन मिनिटं आली, आणि मला वाटतं तुमच्या सगळ्या वाचकांत गमावायला सर्वात महाग ती आहे. तिला मराठी वाचता येतं, पण अडखळत. वाचला जाणारा शब्द रंगत जाईल आणि सोबत आवाज चालेल असं काही असतं, तर ती बसली असती.

राहिले हवालदार मामा. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त, आता हात थरथरतो. ॲपमध्ये जाहिरात आली, तिच्या कोपऱ्यात मोहरीएवढी फुली. मामांनी चार वेळा बोट टेकवलं, चारही वेळा जाहिरातच उघडली. "नेम धरून बंदूक चालवली, पण ही फुली काय सापडंना झालीय," म्हणाले. पान उलटायला बोट ओढावं लागतं. त्यांचा हात हलला की ॲप तीन पानं पुढे. वेब सुलभतेची जी जागतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या २०२३ च्या आवृत्तीत नेमकं हेच आलंय. बटण निदान २४ बाय २४ पिक्सेलचं असावं, आणि जे काम ओढून होतं ते नुसतं टेकवूनही व्हावं. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान साडेचारास एक असावा, हे तर त्याहून जुनं आहे. पिवळसर कागदावर फिकट राखाडी अक्षरं तुमच्या चित्रकाराला सुंदर वाटली असतील. मास्तरांना त्या जागी कोरा कागद दिसत होता.

पाचजणांपैकी विसाव्या पानाला पोचले दोघं. परत त्याच पानावर उघडलं एकाचंच, आणि तेही ॲपने नव्हे. मामांनी पानाचा आकडा तळहातावर पेनाने लिहून ठेवला होता.

ॲप-दुकानात तुमच्या नावापुढे साडेचार तारे आहेत, ते मी पाहिलेत. तारे देतात ते ज्यांना आत शिरता आलं ते. अकोला ते हिंगोली या यादीत जो अडकला, तो तारे द्यायला कुठून येणार?

कुणी म्हणेल, हे सगळं करायला कॉपीराइट आडवा येतो. अपंग वाचकांसाठी सुलभ प्रत करायला २०१२ च्या दुरुस्तीपासून आपल्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे, आणि याच विषयावरच्या माराकेश करारावर शिक्कामोर्तब करणारा पहिला देश २०१४ मध्ये भारतच होता. शिवाय तुमच्या संग्रहातल्या कितीतरी ग्रंथांच्या लेखकांना जाऊन साठ वर्षं उलटून गेलीत, तिथं हा प्रश्नच उरत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सुप्रीम कोर्टाने ३० एप्रिल २०२५ ला सांगितलंय. एवढं लिहिलं ते धमकी म्हणून नाही. तुमच्या वरिष्ठांकडे निधी मागताना टिपणीत घालायला उपयोगी पडेल म्हणून.

आणि हे जमतं, हेही दिसतंय. मराठी विश्वकोशाच्या नोंदी मजकूर म्हणून उघडतात, आमच्या बी.ए.च्या मुलाचा बराचसा अभ्यास त्यावर चालतो. मराठी विकिस्रोतावर एका बाजूला स्कॅन आणि दुसऱ्या बाजूला मजकूर असतो, आणि चूक दिसली तर वाचकच दुरुस्त करतो. मास्तरांना ते दाखवल्यापासून ते रोज दुपारी एक पान तपासतात. पेन्शनरांची ही फौज सीमाभागात रिकामी बसून आहे. शुद्धलेखनाची चूक काढायला मिळणं म्हणजे त्यांना सण. यंत्राने काढलेला कच्चा मजकूर आमच्याकडे पाठवा, आम्ही तपासून देतो. कडोलीपासून कारदग्यापर्यंत मी माणसं जमवतो.

सरकारी कामकाजाच्या ॲपांबद्दल इथं बोलत नाही. जमिनीचा उतारा आम्हाला कन्नडमध्ये येतो, तो वाचून घ्यायला शेजारच्या पोराला बोलवावं लागतं. ते गाऱ्हाणं दुसऱ्या दारचं. तुमच्या दारात आलो ते तुम्ही आपले म्हणून.

मागणी मोठी नाही. यादीत 'महाराष्ट्राबाहेर' ही ओळ आणि ओटीपीला पाच मिनिटं, हे या महिन्यात होऊ शकतं. बटणांना नावं आणि पानाला मराठीची खूण, हेही. फाइलचा आकार पुस्तकाच्या नावाशेजारी लिहा. नवीन हजार ग्रंथ स्कॅन करण्याआधी, जे चढवलेत त्यातल्या शंभरांचा मजकूर करा. संमेलनात आकडा लहान सांगावा लागेल, पण आमचा बी.ए.चा मुलगा ते वाचेल. आणि पुढची आवृत्ती काढण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी इकडे या. पुण्या-मुंबईच्या ऑफिसात एकमेकांच्या फोनवर तपासू नका.

रविवारी दहा ते एक वाचनालय उघडं असतं. बेळगावहून खानापूरला बसेस पुष्कळ आहेत, पुढे वडाप मिळतो. पाचही जणांना निरोप देऊन ठेवतो. चहा आमच्याकडून, बेळगावचा कुंदाही ठेवू. येताना नवा फोन आणू नका; काकूंच्यासारखा कोपऱ्यात तडा गेलेला, भरलेल्या मेमरीचा एखादा आणा. आणि ओटीपी लागणार असेल तर बसायची जागा खिडकीजवळ धरा.

आपला नम्र,
एका गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल
ता. खानापूर, जि. बेळगाव